यात आपले किती अडकलेत?

सकाळी ग्रुपवर सुदानच्या दार्फुर भागातल्या अल-फाशर शहरातल्या कत्तलीबद्दल दोन ओळी टाकल्या. आपापल्या खासदारांना पत्र लिहूया, एवढंच म्हटलं होतं. लगेच उत्तर आलं, "नेत्यांना तेवढंच काम राहिलंय का?" आणि त्याखाली सहा हसरे चेहरे. आपल्याच माणसांचे.

मला वीस वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला. २००४ मध्ये दार्फुरमध्ये जंजावीद टोळ्या गावंच्या गावं जाळत होत्या, तेव्हा मी एका लोकप्रतिनिधींकडे पत्र घेऊन गेले होते. त्यांच्या पीएने ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "मॅडम, यात आपले किती अडकलेत?" म्हटलं, कोणीच नाही. त्याने पत्राची घडी घातली आणि परत दिलं. उद्धटपणे नाही हं, अगदी अदबीने.

त्याच जंजावीदांमधून सुदानच्या सरकारने २०१३ मध्ये रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज उभी केली. एप्रिल २०२३ मध्ये ती लष्कराशीच भिडली आणि दार्फुरमध्ये पुन्हा तेच सुरू झालं. अल-फाशरला या फौजेचा जवळजवळ दीड वर्ष वेढा होता. माणसांनी जनावरांची पेंड खाल्ली. वेढा थांबवा असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्येच केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर तिच्या हाती पडलं आणि जमिनीवरचे लाल डाग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले. म्हणजे 'आम्हाला कळलंच नाही' म्हणायचीही सोय राहिली नाही.

रुआंडाच्या वेळी तरी कुठे होती? १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. कत्तल सुरू होऊन दोन आठवडे होत नाहीत तोच त्याच परिषदेने तिथली अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. वाढवायची सोडून! तिथेही कोणीतरी विचारलंच असेल, यात आपले किती?

हो, लिबियात २०११ मध्ये नागरिकांना वाचवायला विमानं गेली आणि पुढे त्या देशाचं काय झालं ते मलाही दिसतं. मान्य. पण सैन्य पाठवा असं मी म्हणतेय कुठे? शस्त्रबंदी फक्त दार्फुरपुरती का, सगळ्या सुदानवर का नाही, हे तरी विचारा. संयुक्त अरब अमिरातीवर रॅपिड सपोर्ट फोर्सेसला शस्त्रं पुरवल्याचे आरोप आहेत, ते त्यांना मान्य नाहीत. पण करारमदार करताना, हस्तांदोलनाचे फोटो काढताना एकदा तोंडावर विचारायला काय जातं? अन्नाच्या मदतीला पैसे द्या. 'तीव्र चिंता' व्यक्त करून गप्प बसायला निवडून दिलेलं नाही कोणाला.

चिडून लिहितेय, कळतंय मला. त्या पीएवर तरी किती चिडायचं? त्याच्या टेबलावर अर्जांचा ढीग होता आणि प्रत्येक अर्जामागे दाराबाहेर एक माणूस उभा होता. माझ्या अर्जामागे कोणीच नव्हतं. दार्फुरमधली बाई तिथे येऊन उभी राहणार कशी? त्याने विचारलं तेच मोठे मोठे लोक मनात विचारतात. तो निदान तोंडाने बोलला.

दुपारी ते जुनं पत्र शोधून काढलं. घडीवर फाटलंय. नवं लिहायला बसले तर जागेचं नावसुद्धा बदलावं लागलं नाही. फक्त यावेळी पहिलीच ओळ घातलीय: साहेब, यात आपलं कोणीही अडकलेलं नाही.