चार आण्याची बॅटरी

आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत किंवा ट्रेलरमध्ये, पहाटे तीनला जाग आली की समजावं, फर्नेसचा पंखा दमला. आत ऊब देणारी ही फर्नेस जळते प्रोपेन गॅसवर, पण तिचा पंखा फिरतो बारा व्होल्टच्या बॅटरीवर आणि सात-आठ अँपिअर खातो. बाहेर बऱ्यापैकी थंडी असेल तर तो रात्रभरात निम्मा वेळ तरी चालतो. म्हणजे दहा तासांत 35 ते 40 अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले. त्यात दिवे, फ्रिजचा सर्किट बोर्ड आणि गॅसगळतीचा अलार्म यांचे किरकोळ पाच-दहा धरा. लेड-ॲसिड बॅटरीवर 100 लिहिलेलं असलं तरी तिची तब्येत सांभाळायची तर त्यातले 50च वापरायचे. हिशेब पहाटेपर्यंत बरोबर जुळतो आणि मग बिघडतो.

बिघडतो तोही मोठ्या तऱ्हेवाईकपणे. व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो. पंख्याच्या वाऱ्याने दाबली जाणारी एक पत्रा लावलेली कळ आत असते, तिला सेल स्विच म्हणतात. वारा पुरेसा नसेल तर ती कळ दाबली जात नाही आणि फर्नेस बर्नर पेटवायला साफ नकार देते. पंखा मात्र कण्हत फिरतच राहतो. गॅसची टाकी भरलेली, फर्नेस चालू, अंगावर गार वारा, आणि उरलीसुरली बॅटरी तो गार वारा घालण्यात खर्ची. अशा अवस्थेत माणूस दुलईतूनच मोबाइलवर लिथियम बॅटरीचे भाव बघायला लागतो. खरा छळ इथून सुरू होतो.

भाव बघून तो हरखतो, त्यात त्याची चूक नाही. आरव्हीसाठीची लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. मोबाइलमधल्या बॅटरीपेक्षा हे रसायन बरंच शांत डोक्याचं. पूर्वी अमेरिकेत अशा 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीला हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत, आता साधारण दोन-तीनशेत मिळते. वजन अकरा-बारा किलो, तर तेवढ्याच आकड्याची लेड-ॲसिड तीस किलोची, आणि वर पाठीच्या डॉक्टरचं बिल. पन्नासच्या जागी नव्वद-पंचाण्णव अँपिअर-अवर बिनधास्त वापरता येतात. एवढं वाचून माणूस बटण दाबतो. पण चार आण्याची कोंबडी घरी आली, आता बारा आण्याचा मसाला आणायला निघायचं.

पहिला मसाला चार्जरचा. जुन्या आरव्हीतला कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा डबा, लेड-ॲसिडच्या तब्येतीला मानवेल असा 13.6 व्होल्टच्या आसपास घुटमळतो. लिथियमला व्यवस्थित भरायला 14.2 ते 14.6 लागतात. 13.6वर ती भरते, पण सरकारी फाइलच्या वेगाने. आणि एखाद्या चार्जरमध्ये जुन्या बॅटरीच्या प्लेटा साफ करण्याचा इक्वलायझेशन नावाचा प्रकार असेल, तर तो आधी बंद करायचा. तो पंधरा व्होल्टच्या वर जातो आणि लिथियमचा बीएमएस तडक दार लावून घेतो.

हा बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणजे बॅटरीच्या पोटात बसवलेला रखवालदार. व्होल्टेज फार चढलं, फार उतरलं, करंट जास्त ओढला की तो बॅटरीचं कनेक्शनच तोडतो. मग मल्टिमीटर शून्य किंवा भलताच काहीतरी आकडा दाखवतो. मालक बॅटरी मेली म्हणून ती परत पाठवायला खोकं शोधतो. तिला फक्त चार्जरने जागं करायचं असतं, हे तो खोकं बंद करून टेप लावल्यावर वाचतो. ट्रेलरवाल्यांनी मात्र हे हसण्यावारी नेऊ नये. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक आपोआप लागावेत म्हणून जो ब्रेकअवे स्विच असतो, तो याच बॅटरीवर चालतो. रखवालदाराने दार लावलेलं असताना ट्रेलर रस्त्यावर काढायचा नाही.

दुसरा मसाला इन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टवरून घरगुती वीज करणाऱ्या डब्याचा. तो महागडा, आणि मायक्रोवेव्हमुळे लागतो.

'अरे, पोहे गरम करू का?'

'थांब, थांब! आधी मी बॅटरी बघतो.'

हा संवाद ज्यांच्या आरव्हीत होत नाही त्यांच्याकडे एक तर जनरेटर आहे, किंवा पोहे नाहीत. हजार वॉटचा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात पंधराशेच्या आसपास ओढतो. इन्व्हर्टरमधली गळती धरून बारा व्होल्टच्या बाजूने ते होतात 125 ते 135 अँपिअर. 100 अँपिअर-अवरच्या बहुतेक बॅटऱ्यांतला बीएमएस सलग 100 अँपिअरच सोडतो. तेव्हा एका लिथियमवर पोहे गारच खावे लागतात. दोन बॅटऱ्या समांतर जोडाव्या लागतात, त्याही एकाच मेकच्या, एकाच वेळी घेतलेल्या आणि जोडण्यापूर्वी दोन्ही पूर्ण भरलेल्या. इन्व्हर्टर 2000 वॉटचा घेतलात तर मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल लागते, आणि तीही शक्य तितकी आखूड. फ्यूज क्लास-टी प्रकारचा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी चिकटून. लिथियममध्ये शॉर्ट झालं तर क्षणात हजारो अँपिअर सुटतात. अशा वेळी स्वस्तातला फ्यूज वितळतो खरा, पण मधल्या फटीतून ठिणगीचा पूल बांधून करंट चालूच ठेवू शकतो. फ्यूजवर पैसे वाचवणाऱ्याला मी हात जोडतो आणि त्याच्यापासून दोन प्लॉट लांब गाडी लावतो.

मिक्सरची चिंता करू नका. 750 वॉटवर दोन मिनिटं चटणी वाटली तर दोन-अडीच अँपिअर-अवर जातात, तेवढी चटणी बॅटरीलाही परवडते. एअर कंडिशनरची मात्र आशा सोडा. छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी चालला की 100 अँपिअर-अवरच्या दोन लिथियमही दीड तासात जमीन पाहतात.

तिसरा मसाला गाडीच्या अल्टरनेटरसाठी, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रासाठी. आतला विद्युतविरोध (इंटर्नल रेझिस्टन्स) कमी, त्यामुळे लिथियम मिळेल तितका करंट अधाशासारखी ओढते. इंजिन आयडलिंगला असताना अल्टरनेटर हळू फिरतो, स्वतःला पुरेसा वारा घालू शकत नाही आणि तापून जळतो. मोटरहोममध्ये जाड वायर आणि दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-सोडणारा साधा आयसोलेटर असेल तर हा धोका खरा आहे, तिथे करंटला लगाम घालणारा 30 किंवा 40 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर मध्ये घालायलाच हवा. मागे ओढायच्या ट्रेलरची गोष्ट वेगळी. सात पिनांच्या सॉकेटमधून येणारी वायर इतकी लांब आणि बारीक असते की तिच्यातून पाच-दहा अँपिअर पोचले तरी खूप. अल्टरनेटर सुखरूप राहतो, बॅटरीही उपाशी राहते.

मग उरतो शंट, म्हणजे बॅटरीचा खरा मीटर, आणि इथे मी हट्टी आहे: लिथियम घेतली तर शंट घ्याच. भिंतीवरच्या चार दिव्यांच्या पॅनेलला व्होल्टेजवरून चार्ज ओळखायची सवय असते. 12.7 दिसले की चारही दिवे. लिथियम नव्वद टक्क्यांवर 13.3 आणि तीस टक्क्यांवरही 13च्या आसपास दाखवते. त्यामुळे चारही दिवे आनंदात पेटलेले असताना अचानक सगळी गाडी अंधारात. शंट निगेटिव्ह तारेत बसवतात, आलेगेले अँपिअर तो मोजतो. बसवताना ठरलेला घोळ असा की आठ तारा शंटच्या पलीकडे जातात आणि चॅसिसच्या अर्थिंगची एक काळी तार थेट बॅटरीच्या पोस्टवरच राहते. त्या तारेतून गेलेल्याचा हिशेब कुठेच लागत नाही. मीटर 80 टक्के सांगतो आणि बॅटरी 40वर असते. बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर शंटची एकच तार दिसली पाहिजे, दुसरी दिसली की ती काढून शंटच्या दुसऱ्या टोकाला लावा.

थंडीचं प्रकरण याहून नाजूक. शून्य सेल्सिअसच्या खाली लिथियममधून वीज काढता येते, भरायची नाही. भरली तर लिथियम ॲनोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतं, आणि ते नुकसान परत भरून निघत नाही. बऱ्या बॅटरीचा बीएमएस अशा वेळी चार्जिंग रोखतो, स्वस्तातल्या काहींना ही सोयच नसते, म्हणून लेबल नीट वाचावं. गरम पॅड बसवलेल्याही मिळतात. माझ्या मते त्याहून सोपा उपाय बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरून उचलून आत पलंगाखाली ठेवण्याचा. पाणीवाली लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बाहेर. लिथियम नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही.

आता परवडते का? बहुतेक जण तीन हजार सायकलच्या जाहिरातीवर भाळतात (एकदा भरून रिकामी झाली की एक सायकल). वर्षाला तीस रात्री बाहेर काढणाऱ्याला तीन हजार सायकल संपवायला शंभर वर्षं लागतील. तोवर बॅटरी म्हातारपणाने जाईल, मालक तिच्याही आधी. ज्यांची प्रत्येक रात्र कॅम्पग्राउंडमधल्या विजेच्या 30 किंवा 50 अँपिअरच्या खांबाला प्लग लावून जाते, त्यांनी लिथियमच्या वाटेला जाऊ नये. त्यांची बॅटरी फक्त दिवे आणि किरकोळ कामं सांभाळते. खांब क्वचितच सुटत असेल तर सहा व्होल्टच्या गोल्फ कार्ट बॅटऱ्यांची जोडी, सिरीजमध्ये, सुमारे 220 अँपिअर-अवर, दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर. कंटाळवाणा सल्ला आहे, पण मी तोच देतो.

ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या सरकारी वाळवंटात 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल मुक्काम ठोकणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे खांब नाही, फक्त सूर्य. लेड-ॲसिड शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास घेते, हिवाळ्यातला दिवस तोवर मावळतो. ती रोज अर्धपोटी झोपते, प्लेटांवर सल्फेट चढतं आणि दोन-तीन हंगामांत निवर्तते. लिथियमला अर्धपोटी राहण्याचं काहीच वाटत नाही, आणि सूर्य देईल ते ती जवळजवळ शेवटपर्यंत एकाच वेगाने घेते. 200 वॉटच्या पॅनेलमधून चांगल्या उन्हात दिवसाला साठेक अँपिअर-अवर येतात, म्हणजे पहाटेच्या पंख्याची सोय झाली. या मंडळींनी मसाल्यासकट कोंबडी घ्यावी. ज्यांना जनरेटर लावायचा कंटाळा आहे त्यांनीही.

हिवाळ्यात गाडी उभी करताना लिथियम पन्नास-साठ टक्क्यांवर आणून तारा सोडून ठेवा, कारण गॅसचा अलार्म सगळं बंद असतानाही थोडं थोडं खातच असतो. जुनी लेड-ॲसिड दुकानात परत द्या, कोअर डिपॉझिट (जुनी बॅटरी परत येईपर्यंत दुकानदार ठेवतो ती अनामत) भरलं असेल तर ते परत मिळतं. त्या पैशांत क्लास-टी फ्यूज येत नाही, पण फ्यूजच्या होल्डरचे नट येतात.