मामा, पांडू, ठुल्ला... पण साहेबाला कुणी काही म्हणत नाही

वडील पोलिसात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले, आम्ही भावंडं पोलीस लाईनीतच वाढलो. त्यामुळे हे सगळे शब्द लहानपणापासून कानावर आहेत, शाळेत एक पोरगा तर मला नावानं हाकच मारायचा नाही, 'पांडूचा पोरगा' म्हणायचा. बरेच दिवस डोक्यात होतं की यावर एकदा सविस्तर लिहायचं, आज लिहितोच. पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे पोलिसांसाठी जेवढे टपोरी शब्द आहेत ना, ते सगळे शिपाई आणि हवालदाराच्या वाट्याला आलेत. मामा म्हणजे चौकात उन्हात उभा असलेला, पांडू म्हणजे हातात काठी असलेला. डीसीपीला कुणी पांडू म्हणालेलं ऐकलंय का? तो तोंडावर पण साहेब आणि पाठीमागे पण साहेबच. राग आख्ख्या खात्याचा असतो आणि निघतो सगळ्यात खालच्या माणसावर.

आता पांडूचंच बघा. दादा कोंडकेंचा 'पांडू हवालदार' आला १९७५ साली आणि हे नाव घराघरात गेलं, हे सगळ्यांना माहितीये. पण हवालदाराला पांडू हे नाव इतकं फिट बसलं याला कारण आहे. मुंबई पोलिसात शिपाई म्हणून इंग्रजांच्या काळापासून पोरं यायची ती कोकणातून, घाटावरून, रत्नागिरी साताऱ्याकडून, घरची शेती पुरत नाही म्हणून शहरात आलेली. त्या घरांमधे पांडुरंग हे नाव गावोगाव, आजोबाचं नातवाला ठेवलेलं, पंढरीच्या विठोबाचं नाव. ते तोडून पांडू केलं की झाला गावंढळ, बावळट हवालदार. म्हणजे शहराने हसण्यासाठी जे नाव उचललं ते वर्दीचं नाहीच, गावाकडून आलेल्या गरीब माणसाचं आहे. मला हा शब्द आवडत नाही तो यासाठी. वडिलांनाही आवडायचा नाही, मामा म्हटलेलं चालायचं त्यांना.

आणि हवालदार या शब्दाचं काय झालं बघा, हे वाचल्यावर मी खरंच बराच वेळ विचार करत बसलो होतो. हवाला म्हणजे एखादी गोष्ट विश्वासानं सोपवणं, आणि ज्याच्याकडे सोपवली तो हवालदार, अरबी फारसीतून आलेला शब्द. शिवाजी महाराजांच्या काळात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघं असायचे आणि गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. घोडदळात पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार. म्हणजे केवढा मानाचा हुद्दा! मोगलांचा फौजदार तर आख्ख्या मुलखाचा बंदोबस्त बघायचा, हाताखाली फौज असायची. मग इंग्रज आले, त्यांनी पोलीस खातं उभं केलं, १८६१ चा पोलीस कायदा आला, मुंबईला तर १८६४ सालीच फ्रँक सौटर हा पहिला कमिशनर मिळाला, आणि या सगळ्या रचनेत वरची पदं इंग्रजी नावांची आणि गोऱ्यांची, कमिशनर, सुपरिंटेंडंट, आणि आपले जुने मानाचे हुद्दे तळाला. गडाच्या किल्ल्या सांभाळणारा हवालदार नाक्यावर आला, फौजदार झाला ठाण्यातला पीएसआय, आणि जमादार तर मुंबईत हॉस्पिटलमधे झाडू मारणाऱ्याला म्हणायला लागले. आपले शब्द कुणी मुद्दाम खाली बसवले आणि आपण दीडशे वर्षं त्यांना हसतोय, याचा मला त्रास होतो.

मामा हा शब्द जरा वेगळा. गावाकडे अनोळखी मोठ्या माणसाला मामा म्हणायची पद्धत आहेच, एसटीत, बाजारात, सगळीकडे. मामा म्हणजे आईचा भाऊ, भाच्याचे लाड करणारा, चुकलं तरी पोटात घालणारा. त्यामुळे लायसन घरी विसरलं की तोंडातून आपोआप निघतं, "मामा, जाऊ द्या ना, ह्या वेळी सोडा". तिथे शब्द काम करतो, नातं जोडतो आणि पावती वाचवायला बघतो. मुंबईच्या हिंदीत त्याचं मामू होतं आणि तिथे मात्र प्रेम जरा कमी होतं कारण मामू बनवणं, मामा बनवणं म्हणजे उल्लू बनवणं. एकच शब्द, समोर उभं असताना गोड आणि गाडी पुढे गेली की टिंगल.

दिल्लीत तर प्रकरण कोर्टात गेलं होतं. २०१५ मधे केजरीवाल मुख्यमंत्री असताना एका मुलाखतीत 'ठुल्ला' म्हणाले, हातगाडीवाल्यांकडून पैसे मागणाऱ्या पोलिसाबद्दल बोलताना. एका शिपायाने बदनामीची केस टाकली आणि पुढच्या वर्षी दिल्ली हायकोर्टाने त्यांनाच विचारलं की ठुल्ल्याचा अर्थ काय ते सांगा, डिक्शनरीत सापडत नाही. बातम्यांमधे लोकांनी मजा घेतली, पण मला त्या शिपायाचं बरोबर वाटलं. त्याच्या घरी पण पोरं असतील, ती पण शाळेत जात असतील.

लंडनमधे पोलिसाला बॉबी म्हणतात, जुन्या काळी पीलर पण म्हणायचे, कारण १८२९ मधे ज्या गृहमंत्र्याने तिथलं पोलीस दल काढलं त्याचं नाव रॉबर्ट पील. म्हणजे तिकडे नाव चिकटलं ते मंत्र्याचं! आपल्याकडे कुठल्या गृहमंत्र्याच्या नावानं पोलिसाला हाक मारतात? मलेशिया सिंगापूरकडे 'मातामाता' म्हणतात, माता म्हणजे डोळा, नजर ठेवणारा. हे पण बरं आहे.

आता कमेंटमधे येणारच की पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत का. नाहीत. हे पोलिसाचा मुलगा म्हणून सांगतो. हप्ता, चिरीमिरी, तोडपाणी हे शब्द लोकांनी हवेतून नाही काढले, अनुभवातून काढलेत. 'बिनभाड्याची खोली' म्हणून आपण हसतो, पण लॉकअपमधे गरिबाचं काय होतं आणि 'चौदावं रत्न' कुणाच्या पाठीवर पडतं ते लाईनीतल्या पोरांना पण माहिती असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे पण होतं. लोकांचा राग खरा आहे आणि तो असायलाच पाहिजे. फक्त तो वरपर्यंत जाऊ दे ना. हप्ता एकटा हवालदार खात नाही हे चहाच्या टपरीवरचं पोरगं पण सांगेल.

अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त लागला की वडील आदल्या दिवशी सकाळी जायचे ते विसर्जन आटपून दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. आई दारातच घमेल्यात मिठाचं गरम पाणी ठेवायची. बुटातून पाय काढताना मोजे सालासकट निघायचे, एवढे फोड. त्यावर रॉकेल बिकेल काही लावू नका म्हणून आई ओरडायची आणि ते तसेच बसल्या जागी झोपायचे. २०१६ मधे मुंबईत देवनार पोलीस स्टेशनला आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ते रिटायर होते, पेपरातली ती बातमी त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे खारला ट्रॅफिक हवालदार विलास शिंदे. हेल्मेट नाही म्हणून एका पोराला अडवलं, डोक्यात बांबू बसला, काही दिवसांनी हॉस्पिटलमधेच वारले. कुणाचे तरी रोजचे 'मामा' होते ते. त्या आठवड्यात वडील नीट जेवले नाहीत.

म्हणून मी आमच्या सगळ्या ग्रुपवर सांगून ठेवलंय, मामा म्हणा, काका म्हणा, दादा म्हणा, चालेल, पांडू माझ्यासमोर नको. कुणाला राग आला तर येऊ दे. आणि हो, नागपूर, खानदेश, मराठवाडा, बेळगाव, गोवा, तुमच्या भागात पोलिसाला काय म्हणतात ते कमेंटमधे लिहा, शिवी असली तरी लिहा, आणि तो शब्द शिपायासाठी आहे की साहेबासाठी ते पण लिहा. साहेबासाठीचा एक तरी शब्द मला पाहिजे आहे.