‘नुसती थिअरी, प्रॅक्टिकल शून्य’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

चिपळूणच्या आमच्या शेअर मार्केट क्लासला तुम्ही एक स्टार दिलात. नुसती थिअरी झाली, लाइव्ह मार्केट दाखवलं नाही, जुन्या चार्टवर वेळ काढला आणि लावलेला स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला सौदा बंद करून तोटा थांबवणारी ऑर्डर) लागलाच नाही, असं लिहिलंत. दुसऱ्या शनिवारी लाइट गेली आणि वर्ग अर्धवट राहिला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘वेळ काढला’ हे फार लागलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात फक्त शिक्षण देणाऱ्याला शेअरचं नाव घेऊन मागच्या तीन महिन्यांतले भाव दाखवायला मनाई केली. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं होतं. आणि जुना चार्ट हेच तर प्रॅक्टिकल आहे. उजवी बाजू झाकायची, एकेक कँडल (ठरावीक वेळेतले भाव दाखवणारी चार्टवरची खूण) पुढे सरकवायची आणि पुढची उघडण्याआधी वहीत एंट्री म्हणजे खरेदीचा भाव, स्टॉपलॉस आणि शेअरची संख्या लिहायची. भांडवल ५०,००० असेल तर एका सौद्यात जोखीम १ टक्का, म्हणजे ५०० रुपये. एंट्री २४०, स्टॉपलॉस २३५, म्हणजे शेअरमागे जोखीम ५ रुपये, तर शेअर १००. त्यावर एकही नाही. असे ४० सौदे लिहायचे होते, तुमच्या वहीत ११ आहेत.

आता स्टॉपलॉस. तुम्ही ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचा सौदा) ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ८० आणि लिमिट, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही तो भाव, तीही ८० च ठेवलीत. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजार) ऑप्शनसाठी मार्केट स्टॉपलॉस, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणारा, २०२१ पासून बंद आहे, लिमिटवालाच लावावा लागतो. भाव ८१ वरून एकदम ७७ ला आला की ऑर्डर जागी होते, पण ८० ला घेणारा कोणी उरलेला नसतो, म्हणून ती तशीच पडून राहते. विकताना लिमिट ट्रिगरच्या चार-पाच रुपये खाली ठेवायची, आणि उडी त्याहून मोठी असेल तर तेवढंही पुरत नाही. हे शिकवलेला वर्ग नेमका शिमग्यात झाला आणि तुमचा बुडाला. घरी पालखी येणार असताना क्लासला या, असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण बुडालेला भाग भरून घ्या, म्हणून दोनदा फोन केला होता. शिवाय पहिले तीन महिने ऑप्शनला हात लावू नका, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलेलं असतं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हा सेबीचाच आकडा आहे.

आमच्याकडे मुलं येतात ती ओळखीतूनच, त्यामुळे एक स्टारसुद्धा जड जातो. ऑर्डर लावण्याचा सराव पुढच्या बॅचपासून आधी घ्यायचा विचार आहे, इन्व्हर्टरचंही बघतो. येत्या शनिवारी वही घेऊन या, राहिलेले २९ सौदे बसून पूर्ण करू. त्याची फी नाही.