‘रेनकोट’बद्दल रामबागेच्या काकांना

काका, सा. न.

‘अंधाऱ्या खोलीत दोन माणसं दोन तास बोलत बसतात, याला सिनेमा म्हणायचं तर आमच्या इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांनी काय घोडं मारलंय?’ असं तुम्ही ‘रेनकोट’ या हिंदी सिनेमावरचं माझं कौतुक वाचून विचारलंत. शिवाय ज्या गोष्टीवरून तो सुचला ती ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ वाचलेल्याला शेवट आधीच कळतो, आणि मी दिग्दर्शक ऋतुपर्ण घोष या नावाला भाळलो, हेही.

भाळलो असेन. पण ‘बोलत बसतात’ इथे माझं अडतं. ती दोघं बोलत नाहीत, आपल्या इंदूरी भाषेत सांगायचं तर फेकतात. मनोजची जूट मिलमधली नोकरी गेलीय, भागलपूरहून तो कोलकात्याला मित्रांकडे पैसे मागायला आलाय. तिथे लग्न होऊन गेलेल्या जुन्या प्रेयसीला, नीरजाला, मात्र आपल्या टीव्ही मालिकांच्या धंद्याबद्दल सांगतो. ती नवऱ्याची श्रीमंती ऐकवते. संवाद एक सांगतात, बंद खिडक्या आणि कोंबलेलं जुनं फर्निचर दुसरंच. मनोज झालेला अजय देवगण बोलत असताना नका बघू, ऐकत असताना बघा. हे सानंदच्या प्रयोगात पंधराव्या रांगेत बसून दिसलं नसतं.

मला हे लगेच पटलं त्याला कारण आमची आत्या. लोकमान्य नगरात तिच्याकडे पुण्याचे पाहुणे आले की ती मला वाटी देऊन मागच्या दाराने शेजारी साखरेला पिटाळायची आणि बाहेर मोठ्याने म्हणायची, ‘हा मेला घरात ठरतच नाही, सारखा खेळायला!’ मी वाटी शर्टाखाली लपवून परत यायचो. नीरजा पाहुण्यासाठी खायला आणायला त्याचाच रेनकोट घालून निघते, तेव्हा मला ती वाटीच दिसली. आणि तो रेनकोटही त्याचा नाही, मित्राकडून आणलेला!

आता तुम्ही जिथे मला धरायला हवं होतं ते सांगतो. ती बाहेर गेल्यावर घरमालक येतो आणि नवऱ्याची लबाडी, थकलेलं भाडं, सगळं बसून सांगून टाकतो. अन्नू कपूर काम झकास करतो, पण हा जुन्या नाटकातला निरोप्याच. आपण खोलीकडे बघून हळूहळू ओळखत आणलेलं उत्तर तो फळ्यावर लिहून देतो. सिनेमाचा खरा कच्चा दुवा हाच. नीरजा झालेली ऐश्वर्या राय भागलपूरची वाटत नाही, हेही मान्य. अंधाराचं म्हणाल, तर मोबाईलवर पाहिलात ना?

शेवटाचं मात्र मान्य नाही. ओ. हेन्रीच्या १९०५ सालच्या गोष्टीत नवराबायको भेटी एकमेकांसमोर उघडतात. तिने केस विकून त्याच्या घड्याळासाठी आणलेली साखळी आणि त्याने घड्याळ विकून तिच्या केसांसाठी आणलेले कंगवे दोघांनाही दिसतात. इथे मनोज तिचं भाडं तिच्या माघारी भरतो, ती रेनकोटच्या खिशातल्या कागदावरून त्याची अवस्था ओळखते आणि त्याच खिशात सोन्याच्या बांगड्या ठेवते. समोरासमोर शेवटपर्यंत दोघांच्या थापा शाबूत. गोष्ट ठाऊक होती म्हणून हे कसं कळणार होतं?

राहता राहिलं तुमचं ‘मराठी माणसाने मराठी सिनेमावर लिहावं’. मनोज ज्याच्याकडे उतरतो तो मित्र म्हणजे आपला मराठी नट समीर धर्माधिकारी. तूर्त एवढ्यावर भागवून घ्या.