डुकरांचा फोटो कोण काढतो?

आमच्या खान्देशात कुणाच्याही घरी जुने फोटो बघायला मागा. पोळ्याला शिंगं रंगवलेले बैल निघतील, नव्या ट्रॅक्टरला हार घालून उभे असलेले काका निघतील. डुक्कर निघणार नाही. पाळलेलं असलं तरी नाही!

आम्ही पाळली होती. रावेरकडे, केळीच्या मळ्याला लागून शेड, पांढरी यॉर्कशायर जात. आमच्या फिया, बहिणीचं लग्न, विहिरीवरची मोटर, सगळं त्या शेडातून निघालं. खरं सांगू, बैलांनी फक्त कर्ज वाढवलं. तरी अल्बमात बैलच. एकाच फोटोत एक मादी आलीय: आम्ही भावंडं भांग पाडून उभी, मागे तिचं नुसतं ढुंगण. ती कड कुणीतरी कात्रीनं कापायला घेऊन अर्ध्यावर सोडलीय. आईला विचारलं तर म्हणाली, "ठी दे रे, लोके हासतीन."

हसणाऱ्यांनी एकदा मादी व्यायलेली बघावी. ११४ दिवस भरत आले की ती तोंडानं पाचट ओढून कोपऱ्यात अंथरूण करते. पिल्लं जन्मली की सडांसाठी झटतात, आणि दोन-तीन दिवसांत ज्याचा त्याचा सड ठरतो तो दूध सुटेपर्यंत. पुढच्या सडांना दूध जास्त. मरतुकडं पिल्लू आई रात्री उठून पुढच्या सडाला लावायची, दांडग्यांना हातानं मागे सारायची. मग लोहाचं इंजेक्शन, कारण मादीच्या दुधात लोह फार कमी आणि फरशीवरच्या पिल्लाला माती मिळत नाही. लोक घाणेरडं म्हणतात, पण पुरेशी जागा दिली तर हे जनावर झोपायची जागा सोडून लांब जाऊन हगतं. चिखलात लोळतं, कारण त्याला घाम जवळजवळ येतच नाही. भुसावळचा मे महिना काढलेल्यानं तरी त्याला नावं ठेवू नयेत.

खायला व्यापाऱ्यानं नाकारलेली केळी आणि जळगावच्या डाळमिलची चुनी. सरकीची ढेप मात्र आबा शेडात येऊ द्यायचे नाहीत. कापसाच्या मुलखात तीच सगळ्यात सहज मिळायची, पण तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य म्हशीला पचतं, डुकराला बाधतं.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्यांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान आहे. आणि २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं १२ टक्क्यांनी घटून साधारण ९०.६ लाखांवर आलेली. बाजार, रोगराई ही कारणं असतीलच. पण माझ्या मते लाजही तेवढीच नडते. पोरीला स्थळ आलं की "जोडधंदा आहे" म्हणतात आणि कसला ते गिळतात. आम्ही तरी जमीनवाले, आमचं खपून गेलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी डुकरं राखली त्यांना गावानं वेशीपलीकडे ठेवलं, आणि आता अनुदानाच्या रांगेत पुढे आम्हीच.

तो अर्धा कापलेला फोटो मी मोठा करून फ्रेम करायला दिलाय, बैठकीत लावणार. आई तयार झाली. बहीण म्हणते, व्याही येतात, आतल्या खोलीत लाव. भांडण चालू आहे.