तिथे जॉर्ज बसतो

पबचं नाव लिहीत नाही, लेकीला त्याच गावात राहायचंय. इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागातलं दगडी घरांचं गाव, बाहेर पाऊस, पोटात कावळे. छत इतकं बुटकं की आत शिरताशिरता ह्यांचं कपाळ तुळईवर आपटलं. शेकोटीपाशी एकच खुर्ची रिकामी होती. मी टेकले.

"तिथे जॉर्ज बसतो," शेजारचे आजोबा म्हणाले.

मला वाटलं, जॉर्ज म्हणजे त्यांचा मित्र, हात धुवायला गेला असेल. आजोबांनी ग्लासानेच खाली खूण केली. जॉर्ज ओला होता, त्याचे कान जमिनीला लागत होते आणि तो माझ्याकडे भाडं थकवलेल्या भाडेकरूकडे बघावं तसा बघत होता. काउंटरवरच्या पोरीनेही गंभीरपणे मान डोलावली. मी, दोन्ही गुडघे दुखत असलेली बाई, कुत्र्यासाठी उठले. तो चढला, एक गिरकी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून झोपला.

आजोबांना बहुधा वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी इतिहास सुरू केला. १३९३ साली राजा दुसऱ्या रिचर्डने म्हणे लंडनमधल्या बिअरवाल्यांना दारावर पाटी लावायला लावली, म्हणजे बिअर चाखून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दुकान सापडावं. ही सरकारी नोकरी होती! जवळच्याच स्ट्रॅटफर्डला १५५६ साली ती शेक्सपिअरच्या वडिलांकडे होती. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. ह्यांनी उभी हयात पीडब्ल्यूडीत डांबर तपासण्यात घालवली.

"पण जेवायचं काय?" मी.

"किचन दोनला बंद."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यालाही इतिहास होताच. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार झिंगू नयेत म्हणून पब दुपारचे बंद ठेवायला लागले. युद्ध संपलं, नियम राहिला, तो थेट १९८८पर्यंत. या स्वयंपाकिणीला तो उठल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.

इथे टेबलापाशी कुणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं. तिथे रांग नसते, पण कुणाचा नंबर कधी हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणतात. आमचा कुणालाच ठाऊक नव्हता. आमच्यामागून आलेले तिघं ग्लास भरून घेऊन गेले. ओळखीपाळखीचे असतील, असं ह्यांचं मत. माझं मत मी गाडीत बसल्यावर सांगितलं, आणि ते इथे छापण्यासारखं नाही.

शेवटी व्हिनेगर मारलेल्या वेफर्सची एक पुडी मिळाली. तेवढ्यात आतून, त्या बंद किचनमधून, बशीत कापलेलं सॉसेज आलं. जॉर्जसाठी.

"पुढच्या वेळी साडेबाराला या," आजोबा प्रेमाने म्हणाले. "फक्त रविवारी नको. रविवारी त्याची बहीण येते."