नंबर देऊ नका, एक नंबरला या!

एसईओमध्ये, म्हणजे साइटला गूगलच्या निकालांत वर चढवण्याच्या धंद्यात, नव्यानं आलात आणि पहिलाच क्लायंट म्हणजे टीव्हीवर जाहिराती करणारी बडी कंपनी? अभिनंदन! पोटात गोळा येऊ देऊ नका. खालचं वाचा, भलं होईल.

सर्वात आधी गूगलचे नियम पाठ करा. मोडताना नेमका कुठला मोडतोय हे ठाऊक असलेलं बरं.

दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या पानाकडे येणाऱ्या लिंकांनी पान वर चढतं, पण लिंक विकत घेऊ नका. छे छे, तसलं आपण करतच नाही. आपण 'आउटरीच' करतो, 'डिजिटल पीआर' करतो. ब्लॉगवाल्याला जातात ते पैसे 'कंटेंट फी'चे. पैसे मोजलेल्या लिंकसाठी गूगलनं २०१९ मध्ये 'स्पॉन्सर्ड' असा वेगळा टॅग दिलाय. तो लावायला विसरणं हेच आपलं कौशल्य.

पकडले जाण्याची भीती वाटते? मोठ्यांना कसली भीती! २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलनं काढून टाकली, कारण ती गूगलला एक पान दाखवायची आणि माणसांना दुसरंच. काही दिवसांत साइट परत हजर. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीला वर चढवणाऱ्या विकतच्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सनं चव्हाट्यावर आणल्या. कंपनीनं कानांवर हात ठेवले आणि एसईओ एजन्सीला नारळ दिला. या गोष्टीत आपण कंपनी नसतो, एजन्सी असतो, एवढं फक्त लक्षात ठेवा.

रिव्ह्यू कमी पडले तर ऑफिसात माणसं आहेतच. एचआरलाही सांगा.

वाईट बातमी असेल तर खाली ढकला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये २०११ साली शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. ते उल्लेख सर्चमध्ये दिसेनासे व्हावेत म्हणून विद्यापीठानं किमान १,७५,००० डॉलर मोजले. २०१६ मध्ये तेही छापून आलं, आणि विसरलेल्यांनाही स्प्रे आठवला. पण एजन्सीचं बिल निघालं होतं ना? झालं तर मग.

आता मुख्य सल्ला, गेल्याच आठवड्यातल्या मीटिंगमधून आलेला. क्लायंट फ्रिज-वॉशिंग मशीनवाला. नाव सांगत नाही, एनडीए आहे, म्हणजे गुप्ततेचा करार. लोक रोज कंपनीचं नाव टाकून पुढे 'कस्टमर केअर नंबर' शोधतात. तर त्या शब्दांना आपलं पान सर्वात वर हवं, आणि पानावर नंबर नको. कारण 'कॉल व्हॉल्यूम कमी करायचाय.' म्हणजे मजकूर हवा अठराशे शब्दांचा. त्यात 'ग्राहकसेवा म्हणजे काय?' हवं, 'ग्राहकसेवेचं महत्त्व' हवं, आणि तळाशी 'ग्राहकसेवा क्रमांक कुठे मिळेल?' हा प्रश्नसुद्धा हवा. उत्तर: आमचं अॅप डाउनलोड करा. अॅपमध्ये चॅटबॉट. त्याच्याकडे पर्याय तीन: नवीन खरेदी, वाढीव वॉरंटी, जवळचं दुकान. मशीन बंद पडलं हा पर्यायच नाही, कारण आमची मशीनं बंद पडत नाहीत! मी म्हटलं, नंबर वर टाकू या. तर आमचेच साहेब म्हणाले, "मग लोक नंबर घेतील आणि निघून जातील. टाइम ऑन पेज पडेल, रिपोर्ट कसा दिसेल?"

रिपोर्ट!

अहो, पानावर नंबर नसला की माणूस आणखी खाली जातो. तिथे भामटा बसलेलाच असतो. त्याच्या पानावर नंबर असतो, ठळक अक्षरांत, पहिल्या ओळीत. तो पहिल्या रिंगला फोन उचलतो. 'काका' म्हणतो, ऐकून घेतो, स्क्रीन शेअरिंगचं अॅप घ्यायला लावतो, नोंदणीचे दहाच रुपये भरा म्हणतो. मग खातं साफ, आणि काका १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवत बसलेले. त्यावर कंपनी पत्रक काढते, 'ग्राहकांनी केवळ आमच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकच वापरावा.' कुठला क्रमांक? तो आपणच काढलाय ना! आणि मग क्लायंटचा नवा ब्रीफ, म्हणजे कामाची मागणी, येतो, कंपनीच्या नावापुढे 'फसवणूक' शोधलं तर बातमीच्या वर आपला ब्लॉग हवा. विषय: ऑनलाइन फसवणूक कशी टाळावी.

पुरे झाले सल्ले. लाज वाटत नाही का रे? नंबर शोधणाऱ्या माणसाला अठराशे शब्द वाचायला लावून वर त्याला 'युजर एंगेजमेंट' म्हणता! व्हाइट हॅट म्हणजे नियमातलं, ग्रे हॅट म्हणजे काठावरचं, असल्या टोप्या घालून एकमेकांना कसल्या फसवता? आणि 'क्लायंटनंच सांगितलं' हे मला ऐकवू नका. जेसी पेनीला विचारलं तेव्हा तेही म्हणाले की आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. उद्या तुमचा क्लायंटही तेच म्हणेल. तेव्हा ब्रीफला मेलवर उत्तर द्या: टोल-फ्री नंबर आणि वेळ पहिल्याच ओळीत जाईल. नको असेल, तर नको म्हणून सहीनिशी लेखी द्या. मीटिंगमध्ये तोंडी फर्मानं सोडणाऱ्यांपैकी किती जण लिहून देतात, बघाच.